डिनीआबांची काडतुसं

डिनीआबा काडतुसं आणायला निघाले की इस्त्रीचा शर्ट घालत. चर्चमधली रविवारची मिस्सा, कुणाचं मयत आणि काडतुसं, या तीन कारणांशिवाय तो शर्ट बाहेर निघत नसे. गळ्यापर्यंत सगळी बटणं लावलेली, दाढी घोटलेली, आणि रायफलच्या परवान्याचं कार्ड खिशावरून दोनदा चाचपलेलं. मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर पोर्टलीशच्या बाजारपेठेत गेले तेव्हा मला वाटलं, डॉक्टरकडे जायचं असणार. शेजारच्या शेतकऱ्याच्या गाडीतून उतरताना मला म्हणाले, "आत येणार असशील तर एक लक्षात ठेव. दुकानदार जी डबी पुढे सरकवेल तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही."

दुकानदारानं खरंच एक डबी पुढे सरकवली.

"डिनी, हीच ने. कोल्ह्यासाठी सगळी पोरं हीच नेतात. सुसाट जाते."

"कुठे जाते?"

"अं?"

"सुसाट जाते म्हणालास ना. कुठे जाते ते विचारतोय."

दुकानदार माझ्याकडे बघून हसला. त्याला हे वर्षानुवर्षं माहीत असणार. मग त्यानं मुकाट्यानं तीन वेगवेगळ्या डब्या काढल्या. आबांनी तिन्ही घेतल्या आणि सबंध वाटेत त्या मांडीवर धरून बसले.

मी त्यांच्याकडे केअरर म्हणून, घरी जाऊन देखभाल करायला, जात होते. सकाळी दोन तास, संध्याकाळी एक. खुब्याचं ऑपरेशन झालेलं, वय ऐंशीच्या पुढे, बायकोमुलं कधी नव्हतीच. स्लीव्ह ब्लूम डोंगराच्या पायथ्याशी चढावर घर, चाळीस मेंढ्या, आणि फ्लॉस नावाची म्हातारी कुत्री. ही फ्लॉस अशी शूर, की आबांनी रायफलच्या तिजोरीची किल्ली हातात घेतली तरी ती ड्रेसरखाली, म्हणजे भांड्यांच्या कपाटाखाली, जाऊन बसे. फटाक्यांना भिणारी लेकरं असतात ना, तशी.

त्यांना नुसतं 'डिनी' म्हणायला माझी जीभ वळेना. मला कामावर पाठवणाऱ्या एजन्सीतल्या बाईनं सांगितलं होतं, इथे सगळ्यांना नावानंच हाक मारतात. पण बापाच्या वयाच्या माणसाला? शेवटी एकदा तोंडातून 'आबा' गेलं. त्यांनी विचारलं, म्हणजे काय? मी म्हटलं, आमच्यात कळपाच्या मोठ्या माणसाला म्हणतात. "किती मोठा कळप?" त्यांनी लगेच विचारलं. मी म्हटलं, आमच्या भावकीची सगळी मिळून तीनशे मेंढरं असतील. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि मला पहिल्यांदाच नीट बघितलं. तोपर्यंत मी औषधं देणारी बाई होते.

मी धनगराची पोर. शाळा पाचवीत सुटली. सुटली म्हणजे शाळा जागेवर राहिली, आम्ही निघालो. दिवाळी झाली की मेंढरं कोकणाच्या वाटेला लागत, आणि पाचवीच्या वर्षी मी मागे राहावं असं घरात कुणाच्या मनात आलं नाही. पुढे लग्न, पुण्यात दवाखान्यात आयाचं काम, नवरा गेल्यावर कुवेतमध्ये एका म्हातारीची सेवा, आणि तिथून इथे, डब्लिनच्या देशात. इथे आल्यावर कळलं, केअररचा कोर्स ठरल्या मुदतीत पास व्हावा लागतो. वह्या भरून लिहायचं, तेही इंग्रजीत! कामाच्या परमिटचे कागद मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून उशाखाली ठेवत असे आणि दिवसातून शंभरदा सॉरी म्हणत असे. आबा वैतागत. "आता कशाचं सॉरी? पाऊस तू पाडलास?"

आबा स्वतः तेराव्या वर्षी शाळेतून निघालेले. विशीत अमेरिकेत गेले, वायोमिंगला, आणि तिथे सव्वीस वर्षं दुसऱ्याच्या मेंढ्या राखल्या. भाऊ वारला म्हणून या डोंगरावर परत आले. याच्यापलीकडे त्यांचा इतिहास मला माहीत नाही. पण वायोमिंगचा वारा मला पाठ आहे. तिकडे वारा एका बाजूनं येतो आणि संध्याकाळपर्यंत त्याच बाजूनं येत राहतो, असं ते सांगत. "इथला वारा बघ. चार काकांच्या भांडणासारखा."

तिकडे त्यांचा वैरी म्हणजे कायोटी. मी विचारलं, तो कसा असतो? त्यांनी हातानं उंची दाखवली, मग आवाज काढून दाखवला. मी म्हटलं, "अहो, हा तर आमचा कोल्हा!" इथला कोल्हा तांबूस, झुपकेदार शेपटीचा, एकटा चोरासारखा येणारा. आमचा करडा, गटानं कुई करणारा. कायोटी त्या आमच्याच भावकीतला, जरा थोराड. आबा म्हणाले, संध्याकाळी ते चारी बाजूंनी गायला लागत तेव्हा त्यांना मारावंसं वाटत नसे. सकाळी फाडलेलं कोकरू दिसलं की वाटे.

त्या कायोटीसाठी ते स्वतःच्या हातानं काडतुसं भरत. उडवलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी जपून आणायची, साफ करायची, मागे ठिणगीची नवी टोपी बसवायची, दारू तोलून घालायची आणि वर गोळी दाबून बसवायची. सगळा हिवाळा त्यातच जाई. तराजू इतका नाजूक, की त्याच्याजवळ श्वास सोडायचा नाही. ही सवय त्यांची पुढे कधी गेलीच नाही. ओटमीलचा कप भरताना ते श्वास रोखत, सुरीच्या पाठीनं वरचं सपाट करत, आणि दाणे भांड्यात पडल्यावर मगच 'हां' करून श्वास सोडत. मी बाजूला उभी असले तर मीही रोखायची.

त्या काळची एक वही होती. तेलकट, कोपरे झिजलेली. कुठली दारू किती, कुठली गोळी, वारा कसा, आणि शेवटी एक शब्द: बरी, वाईट, नको. एकाच पानावर खाली रेघ मारलेली. ती कायोटीची गोळी. मला वाटलं, ती सगळ्यांत जोरकस असणार. तर नाही! "पोरांना वाटतं, पुंगळीत मावेल तितकी दारू भरावी. ठासून भरलेली रायफल ओरडते, ऐकत नाही. त्याच्या जरा खाली ती शहाणी असते." मी म्हटलं, आमची आई हेच जेवणाबद्दल सांगते, दोन घास कमी खा. यावर ते इतके खूश झाले की त्या दिवशी त्यांनी ओटमीलसुद्धा दोन चमचे कमी घेतलं.

इथे घरी काडतुसं भरायला परवानगी नाही. आबांना ते मान्य होतं. कायद्यापुढे ते सरळ चालत. पण विकतची डबी उघडताना त्यांचा चेहरा खाणावळीत पहिला घास घेणाऱ्या माणसासारखा होई. कुणी केलंय, कुठल्या हातानं, काय माहीत. म्हणून मग परीक्षा. घरामागच्या बांधाच्या पोटात कागद लावायचा, शंभर पावलांवर टेबल, आणि प्रत्येक डबीतली पाचच काडतुसं. पाच भोकं एका नाण्याखाली झाकली गेली तर ती डबी या रायफलची. नाही तर दुकानदार ती कितीही वाखाणो. "बंदुकीला जे पचतं ते तिला द्यायचं. मला काय आवडतं याला कोण विचारतो?"

कागदाशेजारी लिहायचं काम त्यांनी माझ्यावर टाकलं. तारीख, वारा, डबीवरचा आकडा, भोकं कुठे. मी पहिल्यांदा लिहिलं, 'चांगलं झालं.' त्यांनी खोडलं. "चांगलं झालं हे तुला वाटलं. दिसलं काय?" मग मी लिहिलं, 'चार भोकं जवळ. पाचवं दोन बोटं उजवीकडे. त्या वेळी मेंढी ओरडली.' ते वाचून त्यांनी मान हलवली. "मेंढीसुद्धा लिहिलीस. ग्रँड." कोर्सच्या वह्या मी तशाच लिहायला लागले. वाटलं ते नंतर, दिसलं ते आधी. मी पास झाले. निकाल सांगितला तेव्हा आबांनी आपली टोपी काढून माझ्या डोक्यावर ठेवली आणि चहा त्यांनी केला, श्वास रोखून.

कोल्हा मारण्याचं त्यांना वेड नव्हतं. पोरं दिवे लावून गाड्यांतून फिरतात ते त्यांना आवडत नसे. वर्षात फक्त कोकरं होण्याचे दिवस, आणि तेही झुंजूमुंजू होताना. हाताच्या पाठीवर ओठ दाबून उंदरासारखं चिरकायचं, कोल्हा ऐकायला थांबला तर थांबला. आणि शंका आली तर गोळी परत खिशात. "न उडवलेली गोळी उद्याही उडवता येते," हे मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल! जखमी होऊन निसटलेलं जनावर त्यांना सहन होत नसे. मला एकदा त्यांनी फार साधेपणानं सांगितलं, "ज्या दिवशी माझ्याकडून एक जखमी होईल, त्या दिवशी हे हात संपले. रायफल दुकानदाराला, मेंढ्या बाजाराला, आणि मी ऑर्लाकडे."

ऑर्ला म्हणजे त्यांची पुतणी. डब्लिनच्या कडेला, क्लोनडॉकिनला राहायची. तिनं त्यांच्यासाठी एक खोली रंगवून ठेवली होती. बाई चांगली. फोनवर मला नेहमी विचारी, जेवतात का, पडले तर नाहीत ना. पण आबांना क्लोनडॉकिन म्हटलं की घास गिळवत नसे. "तिच्या खिडकीतून काय दिसतं माहितीये? दुसऱ्याची खिडकी."

मी त्यांना एकदा सांगितलं होतं, आमच्याकडे लांडग्यानं मेंढरू नेलं तर आई म्हणते, नेऊ दे, त्याचा वाटा होता. आबांनी शेगडीत एक लाकूड सरकवलं. मग म्हणाले, "तीनशेतून वाटा देता येतो, नंदा. चाळिसांतून नाही देववत."

फेब्रुवारीत त्यांच्या रायफलला मानवलेली डबी दुकानात यायची बंद झाली. पुन्हा इस्त्रीचा शर्ट. या वेळी दोन डब्या आणल्या, एकाच कंपनीच्या, दोन्ही लाल, दोन्हीत वीस वीस काडतुसं, काडतुसं दिसायला जुळी. फक्त डबीवरचा आकडा वेगळा. एकीत पन्नास ग्रेनची गोळी, दुसरीत पंचावन्नची. ग्रेन म्हणजे सोनाराच्या गुंजेसारखं बारीक वजन. पाच ग्रेननी काय होणार, असं मला वाटलं. आबांनी दोन्हींतली पाच पाच उडवली. पन्नासची पाच भोकं बरोबर मध्ये, नाण्याखाली. पंचावन्नचीही जवळ जवळ, पण सगळी तीन बोटं खाली. "ही दुसरी वाईट नाही. पण ती खालच्या आळीत राहते," आबा म्हणाले. पन्नासची ठरली.

घरात येऊन त्यांनी दोन्ही डब्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवल्या, तिजोरीची किल्ली शोधायला लागले, तेवढ्यात हॉलमधला फोन वाजला. ऑर्ला होती. मी सूप गरम करत होते. टेबल मोकळं करायला हवं होतं.

आता जे केलं ते मी विचार करून केलं नाही, आणि तीच भीती आहे. दोन उघड्या डब्या दिसल्या, दोन्ही अर्ध्यामुर्ध्या. आमच्या घरात पोह्यांची दोन फोडलेली पाकिटं कुणी शेजारी शेजारी ठेवणार नाही. एक भरायचं, दुसरं दुमडायचं. इथल्या स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्येसुद्धा, म्हणजे भिंतीतल्या कपाटात, मी आल्या दिवशी साखरेच्या तीन पिशव्यांची एक केली होती. तसंच, एका हातात पुसायचा फडका घेऊन, मी एका डबीतली पाच काडतुसं उचलली आणि दुसरीतली पुढची मोकळी ओळ भरून टाकली. एक डबी भरली, एक निम्मी राहिली. झाकणं लावली, एकावर एक ठेवल्या. नीट दिसलं, बरं वाटलं.

आबा आत आले ते लालबुंद होऊन. ऑर्लानं खुब्याच्या डॉक्टरांशी बोलून ठेवलं होतं. या हिवाळ्यानंतर तुम्ही एकटे राहायचं नाही, असं ती म्हणाली होती. एरवी ते डबी उघडून मोजल्याशिवाय आत ठेवत नसत. त्या दिवशी त्यांनी दोन्ही उचलल्या, तिजोरीत टाकल्या, आणि सूप प्यायला बसले ते चमचा वाजवत.

चार दिवसांनी, गुरुवारी सकाळी मी पोचले तेव्हा आबा ओल्या कोटासकट टेबलाशी बसले होते. समोर डबी उघडी. शेगडी विझलेली.

"खाली लागली," ते म्हणाले. "शांत उभी होती. वारा नव्हता. दगडावर हात टेकलेला. आणि खाली लागली. पाय मोडला तिचा. कोल्हीण होती."

मी डबीकडे बघितलं. ते नेहमी पुढच्या ओळीतून घेत. पुढच्या ओळीत एक जागा रिकामी होती, बाकी चार उभी. ती ओळ मी दुसऱ्या डबीतून भरली होती. मी शेगडी पेटवली. सॉरी म्हटलं. "तू कशाला सॉरी," आबा म्हणाले, "हात माझे."

तेव्हाच मला म्हणता आलं असतं, हात तुमचे नाही, माझे. नाही म्हटलं. केअररनं काडतुसाला हात लावला हे एजन्सीला कळलं तर काम जाईल, काम गेलं तर परमिट, परमिट गेलं तर परत फिरायचं, आणि फिरून कुणाच्या दारात उभं राहायचं, इतकं सगळं एका घोटात डोक्यातून गेलं. मी त्यांचे ओले मोजे काढले. त्यांनी माझ्यासमोर ऑर्लाला फोन लावला. "रविवारी ये. हो. खोली बघायला नाही, राहायलाच येतो." मग दुकानदाराला, रायफल सोमवारी घेऊन जा म्हणून. मग काठी घेऊन, खुबा ओढत, त्या कोल्हिणीला शोधायला चढावर गेले. मी थांबवायला गेले तर म्हणाले, "अर्धं काम करून जेवायला बसू?" संध्याकाळी गेले तेव्हाही ते वरच होते. मिळाली नव्हती.

शुक्रवारी सकाळी सहा वाजता, मला घ्यायला येणाऱ्या मैत्रिणीच्या गाडीची वाट बघत रस्त्यावर उभी असताना मी आईला फोन केला. तिकडे ऊन चढलेलं, आई मेंढरांमागे, फोनमध्ये घंटा ऐकू येत होत्या. सगळं सांगितलं. तिला काडतूस कळलं नसेल, पण दोन डब्या एकात एक झाल्या हे कळलं.

"मग अजून गप का?" आई म्हणाली.

"काम जाईल, आये."

"दोन कळप मिसळले तर पैली हाळी कोन देतं?"

मी रस्त्यावर गाडीचे दिवे शोधत राहिले.

"ज्याच्या हातनं मिसळलं त्यो. लगीच. येळ गेला की मेंढरं एकमेकाचा वास धरत्यात, मग कुनाचं कुनाला कळत न्हाई. तुझ्या बापानं भर ओढ्यात उभं ऱ्हाऊन हाळी दिलीया. लाज कसली त्यात? दे हाळी नि ठेव फोन."

आबा दारातच बूट घालत होते, पुन्हा वर जायला. मी कोटही न काढता सांगितलं. पोह्यांपासून सांगितलं. फडका, पुढची ओळ, पाच काडतुसं, काल डबी दिसली तेव्हाच कळलं होतं तेही. माझं इंग्रजी मध्येच संपलं तेव्हा मी प्रेस उघडून त्यांना साखरेची ती एकच पिशवी दाखवली.

आबांनी तिजोरी उघडली, रायफल घेतली, ती डबी घेतली, कागद घेतला. फ्लॉस ड्रेसरखाली गेली. मी खिडकीशी उभी राहिले. आठ आवाज झाले, मध्ये मोठाली अंतरं सोडून. मोजताना मी श्वास रोखून धरला होता.

परत आले ते कागद छातीशी धरून. टेबलावर पसरला. मध्ये चार भोकं, पावलीएवढ्या जागेत. तीन बोटं खाली आणखी चार, तीही तशीच जवळ जवळ. मधला कागद कोरा.

"मागच्या ओळीतली चार," त्यांनी वरच्या भोकांवर बोट ठेवलं. "पुढची चार," खालच्या. "दोन घरं." मग त्यांनी आपले दोन्ही हात कागदावर पालथे ठेवले आणि बघत बसले. "नंदा, काल मी हे हात पुरून आलो होतो."

मी रडत होते. सॉरी, आबा, एजन्सीला मी स्वतः सांगते, असं काहीतरी बोलत होते.

"काय सांगशील? ती काडतुसं कायद्यानं माझ्या राखणीत आहेत. डबी उघडी टाकून फोनला गेला तो कोण? हवं तर सांग, पण हेही सांग." मग आवाज तसाच ठेवून म्हणाले, "पण कालचा दिवस गप्प राहिलीस. तो तुझा. त्या दिवसभर ती तीन पायांवर फिरली."

एजन्सीतल्या बाईला मी त्याच दिवशी सांगितलं. तिनं एक फॉर्म भरून घेतला, लेखी समज दिली, आणि म्हणाली, पुन्हा असल्या वस्तूंना हात नको. माझ्या सगळ्या भीतीचा एवढाच ऐवज निघाला. एक कागद. त्याच्यासाठी त्या जनावरानं एक दिवस काढला.

शनिवारी मी मैत्रिणीच्या पाया पडून उजाडायच्या आत पोचले. आबा म्हणाले, येतेस तर भिंतीआड बस आणि शिंकू नकोस. जखमी कोल्हा सोप्या शिकारीकडे वळतो, ती कोकरांच्या कुरणात येणारच, असा त्यांचा हिशोब. धुकं गवताला टेकलेलं. त्यांनी हाताच्या पाठीवर ओठ लावले. एकदा. मग काही नाही. पुन्हा एकदा.

ती बांधावरून उतरली, लंगडत, पण मान वर. मेंढ्यांच्या अलीकडे आली. आबांनी गाल लाकडाला लावला आणि उडवली नाही. तिच्या मागे एक मेंढी होती. कोल्हीण चालत राहिली, थांबली, पुन्हा चालली. माझे पाय बधिर झाले. मला ओरडावंसं वाटत होतं, मारा एकदाची. आबा दगडासारखे. शेवटी ती एकटी, आडवी, मोकळ्या जागी थांबली आणि वळून आमच्या बाजूला बघितलं.

एकच आवाज. ती होती तिथेच खाली बसल्यासारखी झाली. हलली नाही.

आबा काठी टेकत गेले. वाकायला त्यांना त्रास होई, तरी वाकले, तिच्या मानेवर हात ठेवला आणि काही बोलले. काय ते मला ऐकू आलं नाही. बराच वेळ उठले नाहीत.

रविवारी ऑर्ला रिकामी बॅग घेऊन आली. आबांनी तिच्यापुढे कागद ठेवला.

"हे काय?"

"माझे हात."

"डिनी, कागद रात्री पडलेल्या माणसाला उचलत नाही."

"खिडकीसुद्धा उचलत नाही."

मग दोघं अर्धा तास भांडले, म्हणजे इथले लोक भांडतात तसे, चहा ओतत आणि हवेबद्दल बोलत. शेवटी ठरलं, कोकरं होऊ देत, लोकर उतरू दे, मग बघू. गळ्यात मदतीचं बटण घालायचं आबांनी कबूल केलं. ऑर्लानं जाताना माझा हात दाबला आणि रिकामी बॅग उचलून गाडीत टाकली. दुकानदाराला फोन मीच केला, सोमवारी येऊ नका म्हणून. तो म्हणाला, "कुठे जाते ते कळलं वाटतं त्याला." मी म्हटलं, हो.

पुढचं फार नाही. ईस्टरनंतर एजन्सीनं माझं काम डब्लिनकडे बदललं, सिटीवेस्टला. तिथे माणसं बरी आहेत, दाराशी लुआस, म्हणजे ट्राम, येते, मराठी पोरं भेटतात. वाण्याच्या दुकानात पुण्याचं बोलणं ऐकू येतं, त्यातले बरेच कॉम्प्युटरवाले, मला 'ताई' म्हणतात. पण लुआसच्या खांबाशी उभी राहिले की वारा कुठून येतोय ते बघायची सवय जात नाही, आणि आठवणीत कोकणाची वाट नि तो चढ एकात एक होतात. आबा म्हणत, माणसानं दोन गावं धरू नयेत, एकात असताना दुसरं ओढतं. त्यांना वायोमिंग ओढायचं. वायोमिंगमध्ये हा डोंगर.

आबा आणखी एक हिवाळा त्या घरात राहिले. दुसऱ्या खेपेची कोकरं उतरली आणि मग, आपल्याच पलंगावर, पहाटे गेले. ऑर्लानं कळवलं. त्या कोल्हिणीनंतर एकही कोल्हा जखमी झाला नाही, हेही तिनं लिहिलं होतं. तिला हे महत्त्वाचं आहे असं कुणीतरी सांगून ठेवलं असणार. मी मयताला गेले. पेटीतल्या आबांना इस्त्रीचा शर्ट घातला होता. पण ते माझं शेवटचं बघणं नाही. मी ते धरत नाही.

शेवटचं बघितलं ते माझ्या तिथल्या शेवटच्या दिवशी. निरोप घ्यायला गेले तर घरात नव्हते. एक मेंढी वरच्या कुरणात व्यायली होती आणि पाऊस येणार होता, म्हणून तिला गोठ्यात आणायचं चाललं होतं. आमच्यात कोकरू खांद्यावर टाकतात. इथे तसं केलं तर मेंढीला वाटतं पिल्लू नाहीसं झालं, आणि ती जागच्या जागी ओरडत फिरते. म्हणून कोकराचे पुढचे पाय धरून, ते जमिनीलगत, तिच्या नाकापुढे ठेवायचं, आणि आपण उलट्या पावलांनी चालायचं. वाकून. खुबा बदललेल्या माणसानं!

मी फाटकाशी थांबले. हाक मारली असती, पण मेंढी बुजली असती. आबांनी मला बघितलं. हात मोकळा नव्हता. हनुवटी जराशी वर केली, बस, आणि पुन्हा मेंढीवर नजर लावली. गोठा वरच्या अंगाला होता. तोंड माझ्याकडे, चालणं उलटं, एकेक पाऊल मागे टाकत, तिला काहीबाही सांगत ते चढत गेले. कोकराचा ओला पांढरा ठिपका, त्याला हुंगत येणारी ती आई, आणि मागे न बघता वाट बरोबर ओळखणारे आबा. मैत्रिणीनं हॉर्न वाजवला. मी हातानं तिला थांब म्हटलं. गोठ्याचं दार येईपर्यंत ते एकदाही अडखळले नाहीत.